यादी आणि पावती: सॉफ्टवेअरमधील पॅकेजेस कशी सांभाळावीत

२०२१ च्या दसऱ्यानंतर, सोयाबीनची आवक ऐन भरात असताना, लातूरच्या मोंढ्यातील एका आडत दुकानातून आमच्या कार्यालयात फोन आला. फोनवर मुनीम होते. "साहेब, पट्टीवर आकड्याच्या जागी एबीसीडी यायली," एवढेच ते म्हणाले, आणि मागे काट्यावरचा गलका ऐकू येत होता. ज्यांनी मोंढा पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगायचे तर, शेतकऱ्याचा माल आडतीवर विकला गेला की कट्टे किती, वजन किती, भाव काय, हमाली आणि तोलाई किती कापली आणि हातात किती पडणार, हे ज्या कागदावर छापून दिले जाते ती हिशोबपट्टी. ही पट्टी छापणारी प्रणाली आम्ही त्या दुकानाला २०१९ मध्ये लिहून दिली होती आणि दोन वर्षे ती जवळजवळ बिनतक्रार चालली होती. दुकानातील जुना संगणक सारखा बंद पडू लागला म्हणून आदल्या दिवशी नवा आणला गेला आणि आमच्याच सहकाऱ्याने त्यावर तीच प्रणाली पुन्हा बसवली. आमच्या कोडमध्ये एका अक्षराचाही बदल झालेला नव्हता. तरीही ८७,३४० रुपयांच्या जागी कागदावर इंग्रजी अक्षरे उमटत होती: आधी एन आणि एम, मग स्वल्पविराम, आणि पुढे आय, जे, एफ.

कोड तोच असताना त्याचे वागणे का बदलते, या एका प्रश्नाभोवती पॅकेजेस आणि डिपेंडन्सी सांभाळण्याचे सगळे शास्त्र फिरते. त्या अक्षरांचा उलगडा पुढे येईलच. आधी पॅकेज म्हणजे काय ते पाहू.

एखादे ठरावीक काम करणारा, दुसऱ्या कोणी लिहून, तपासून, नाव आणि आवृत्तीचा क्रमांक देऊन सर्वांसाठी ठेवलेला कोडचा गठ्ठा म्हणजे पॅकेज. आपला कार्यक्रम, म्हणजे प्रोग्रॅम, ज्या पॅकेजवाचून चालू शकत नाही, ते पॅकेज त्या कार्यक्रमाची डिपेंडन्सी होय. मराठीत परावलंबन असा शब्द करता येईल, पण आमच्या कार्यालयात तो कोणी उच्चारत नाही, म्हणून मीही डिपेंडन्सीच म्हणेन. अशी पॅकेजेस ठेवण्याची मोठी सार्वजनिक कोठारे असतात. पर्ल भाषेचे सीपॅन हे कोठार १९९५ पासून आहे, पायथनचे पायपीआय २००३ पासून, आणि जावास्क्रिप्टच्या जगात सर्वत्र वापरले जाणारे एनपीएम २०१० पासून. आपण हव्या असलेल्या पॅकेजेसची यादी लिहायची आणि पॅकेज मॅनेजर नावाच्या साधनाने ती वाचून कोठारातून माल आणायचा, अशी ही व्यवस्था आहे. एनपीएम हे नाव कोठाराचेही आहे आणि त्याच्या पॅकेज मॅनेजरचेही. पट्टीची पीडीएफ प्रत तयार करणे किंवा दिवसभराचा हिशोब एक्सेलमध्ये उतरवणे ही कामे स्वतः पहिल्यापासून लिहीत बसणे म्हणजे फोडणीला तेल हवे म्हणून दारात घाणा उभारण्यासारखे आहे. त्यामुळे पॅकेजेस वापरावीत की नाही हा वाद निरर्थक आहे. वाद आहे तो किती वापरावीत आणि कशी राखावीत याचा.

किती वापरावीत याचे सर्वांत गाजलेले उदाहरण योगायोगाने आमच्या पट्टीशी जुळणारे आहे. पट्टीवर रकमा एकाखाली एक छापताना उजवी कड सरळ रेषेत यावी लागते, म्हणजे ४५० या आकड्याच्या डावीकडे जास्त मोकळ्या जागा आणि ८७,३४० च्या डावीकडे कमी. डावीकडे अशी मोकळी जागा भरणारे लेफ्ट-पॅड नावाचे पॅकेज एनपीएमवर होते, आणि त्यातील कोड होता अवघा ११ ओळींचा. त्याचे लेखक अझर कोचुलू यांचे किक नावाचे दुसरे एक पॅकेजही तेथे होते. त्याच नावाचे संदेशवहन ॲप चालवणाऱ्या कंपनीने त्या नावावर हक्क सांगितला आणि एनपीएमने ते नाव कंपनीला देऊ केले. संतापलेल्या कोचुलू यांनी २२ मार्च २०१६ रोजी आपली सगळी, म्हणजे अडीचशेहून अधिक पॅकेजेस कोठारातून काढून घेतली. त्यांत लेफ्ट-पॅडही गेले, आणि जगभरातील असंख्य प्रकल्पांची बांधणी जागच्या जागी थांबली. जावास्क्रिप्टच्या कोडचे रूपांतर करणाऱ्या बेबलसारखी मोठी साधने त्या ११ ओळींवर उभी होती, आणि ती साधने वापरणाऱ्या बहुतेकांनी लेफ्ट-पॅडचे नावही ऐकलेले नव्हते. काही तासांतच एनपीएमने ते पॅकेज लेखकाच्या इच्छेविरुद्ध परत जागेवर ठेवले आणि पुढे पॅकेज काढून घेण्याचे नियम कडक केले. गंमत अशी की २०१७ च्या जावास्क्रिप्ट मानकात डावीकडे जागा भरण्याची सोय भाषेतच आली, त्यामुळे आमच्या पट्टीला ते पॅकेज कधी लागलेच नाही.

लेफ्ट-पॅडचे नाव न ऐकताही लोक त्यावर अवलंबून होते, याचे कारण असे की आपण मागवलेल्या प्रत्येक पॅकेजला स्वतःच्या डिपेंडन्सी असतात, त्यांना त्यांच्या असतात, आणि पॅकेज मॅनेजर ही सगळी वंशावळ निमूटपणे घरी घेऊन येतो. संकेतस्थळाचा सर्व्हर लिहिण्यासाठी एक्सप्रेस हे एकच पॅकेज मागवले तरी पन्नासाहून अधिक पॅकेजेस उतरतात. मराठवाड्यातील कोणत्याही अभियांत्रिकी महाविद्यालयात शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पाच्या सादरीकरणाच्या आदल्या रात्री हे दृश्य पाहायला मिळते: चार मित्रांपैकी एकाच्या संगणकावर चालणारा प्रकल्प पेनड्राइव्हवर घेण्याचे काम चालू आहे, स्वतः लिहिलेल्या फायली आहेत चाळीस, पण मागवलेली पॅकेजेस ज्यात उतरतात त्या नोड मॉड्यूल्स या फोल्डरमध्ये हजारो बारीकबारीक फायली आहेत, आणि पडद्यावरची हिरवी पट्टी तासभर जागची हलत नाही. तो फोल्डर मुळात न्यायचाच नसतो. यादी न्यायची, आणि दुसऱ्या संगणकावर एका आज्ञेने माल पुन्हा मागवायचा. मात्र पुन्हा मागवलेला माल पहिल्यासारखाच येईल का, हा खरा कळीचा मुद्दा आहे, आणि येथेच बहुतेक जण फसतात.

लग्नाच्या आचाऱ्याने दिलेली यादी आठवा. गोडेतेल ४ डबे, तूरडाळ ५० किलो, गहू २ क्विंटल, असे त्यात लिहिलेले असते. कोणत्या छापाचे तेल, कोणत्या गिरणीची डाळ, हे त्यात नसते. तीच यादी घेऊन दोन भाऊ दोन दुकानांत गेले तर दोघेही यादीप्रमाणेच सामान आणतील, पण दोन्ही घरच्या वरणाची चव सारखी असेलच असे नाही. सामान घेतल्यावर दुकानदार जी पक्की पावती देतो तिच्यावर मात्र छाप, वजन, भाव सगळे नेमके उतरलेले असते. सॉफ्टवेअरच्या प्रकल्पातही हे दोन कागद वेगवेगळे असतात. नोड म्हणजे ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारे साधन. नोडच्या प्रकल्पात पॅकेज डॉट जेसन ही फाइल म्हणजे यादी आणि पॅकेज-लॉक डॉट जेसन ही फाइल म्हणजे पावती.

यादीत ढिलाई कशी येते हे समजण्यासाठी आवृत्तीचे क्रमांक कसे वाचायचे ते कळले पाहिजे. कोड ठेवण्याच्या गिटहब या संकेतस्थळाच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या टॉम प्रेस्टन-वर्नर यांनी मांडलेल्या आणि आज सर्वत्र रूढ झालेल्या संकेतानुसार क्रमांकाचे तीन भाग असतात. लोडॅश या पॅकेजची ४.१७.२१ ही आवृत्ती घ्या. शेवटचा २१ वाढला तर फक्त चूक दुरुस्त झाली आहे, मधला १७ वाढला तर नवी सोय आली आहे पण जुने काही मोडलेले नाही, आणि पहिला ४ वाढला तर जुना कोड मोडू शकेल असा बदल झाला आहे, असा त्याचा अर्थ. यादीत क्रमांकाच्या आधी छपरासारखे एक छोटे चिन्ह असते आणि एनपीएम ते आपल्याला न विचारता स्वतःच घालते. त्या चिन्हाचा अर्थ असा की ४.१७.२१ किंवा त्यापुढची कोणतीही आवृत्ती चालेल, फक्त ५ च्या आतली हवी. छपराऐवजी लाटेसारखे चिन्ह असेल तर मधला आकडाही हलू द्यायचा नाही, म्हणजे ४.१८ च्या आतच थांबायचे. पहिला आकडा शून्य असलेल्या पॅकेजला मात्र छपराचे चिन्हही निदान लाटेइतके तरी कडक वागवते, कारण शून्याने सुरू होणारे पॅकेज अजून बाल्यावस्थेत आहे आणि त्यात काहीही मोडू शकते असे गृहीत धरले जाते.

हा संकेत उत्तम आहे, पण तो लेखकाने दिलेला शब्द आहे, हमी नव्हे. लेखक भल्या मनाने चूक दुरुस्त करतो, शेवटचा आकडा एकने वाढवतो, आणि नेमक्या त्या चुकीवरच विसंबून असलेला कोणाचा तरी कोड त्या दिवशी बंद पडतो. असे पुष्कळदा घडते. माझ्या अनुभवात मधल्या आकड्याने केलेला घात पहिल्या आकड्यापेक्षा वाईट असतो, कारण पहिला आकडा बदलला की माणूस सावध असतो.

म्हणून पावती. लॉक फाइलमध्ये प्रत्येक पॅकेजची, आणि त्याच्या खालच्या सगळ्या वंशावळीची, नेमकी कोणती आवृत्ती आली आणि ती कोठून आली हे नोंदवलेले असते. शिवाय त्या गठ्ठ्यातील मजकुरावरून गणिताने काढलेला एक लांबलचक ठसाही असतो. बियाण्याच्या पिशवीचे सील फुटलेले असेल तर आपण ती घेत नाही, तसे आलेल्या गठ्ठ्याचा ठसा नोंदीशी जुळला नाही तर पॅकेज मॅनेजर तो नाकारतो. रुबी भाषेच्या बंडलर या पॅकेज मॅनेजरने ही कल्पना रुळवली, २०१६ मध्ये फेसबुकच्या यार्नने ती जावास्क्रिप्टमध्ये रूढ केली आणि २०१७ मध्ये एनपीएमच्या पाचव्या आवृत्तीपासून लॉक फाइल आपोआप बनू लागली. ही फाइल लांब, कंटाळवाणी आणि माणसाने वाचण्यासाठी नसलेली असल्यामुळे नवशिके ती कचरा समजून गिटमधून, म्हणजे कोडचा इतिहास राखणाऱ्या साधनातून, वगळतात. ती वगळू नये. नोड मॉड्यूल्स वगळावे, लॉक फाइल ठेवावी.

आणखी एक बारकावा असा की एनपीएम इन्स्टॉल ही सवयीची आज्ञा यादी आणि पावती जुळत नसतील तर पावतीच बदलून मोकळी होते, तर एनपीएम सीआय ही आज्ञा पावती प्रमाण मानते आणि दोन्हींत विसंगती दिसली तर काम थांबवते. ग्राहकाच्या संगणकावर किंवा सर्व्हरवर बसवताना एनपीएम सीआय हीच आज्ञा वापरली पाहिजे. या एका सवयीने आमचे किती रविवार वाचले, याचा हिशोब मी ठेवलेला नाही.

आता लातूरच्या पट्टीकडे वळू. त्या दिवशी आमची पहिली शंका अर्थातच पॅकेजेसवर गेली. सहकाऱ्याने लॉक फाइल नेली होती का? नेली होती. एनपीएम सीआय वापरले होते का? वापरले होते. दोन्ही संगणकांवरील पॅकेजेस ताडून पाहिली. सगळी आकड्यानिशी सारखी निघाली. पावती चोख होती. तेव्हा आमच्या एका सहकारी ताईंनी पट्टीचा फोटो मोठा करून पाहिला आणि म्हणाल्या की स्वल्पविराम तर जागच्या जागी आहे, आणि एकूण दहाच वेगवेगळी अक्षरे दिसत आहेत, एफपासून ओपर्यंत. दहा अक्षरे म्हणजे दहा आकडे. शून्याच्या जागी एफ, एकाच्या जागी जी, दोनाच्या जागी एच, असे ओळीने.

तेथून उलगडा सोपा होता. युनिकोड म्हणजे जगातील प्रत्येक लिपीच्या अक्षराला क्रमांक देणारे मानक. त्यात देवनागरी आकड्यांचे क्रमांक ज्या ठिकाणी येतात, त्या क्रमांकांचा फक्त शेवटचा हिस्सा ठेवला, तर तो इंग्रजी एफ ते ओ या अक्षरांच्या क्रमांकांशी तंतोतंत जुळतो. दुकानातील डॉट मॅट्रिक्स प्रिंटरला आम्ही प्रत्येक अक्षर एकाच बाइटमध्ये, म्हणजे क्रमांकाचा फक्त शेवटचा हिस्सा मावेल एवढ्या जागेत, पाठवत होतो, त्यामुळे वरचा हिस्सा कापला जात होता. म्हणजे आमची प्रणाली आता देवनागरी आकडे तयार करू लागली होती. जुन्या संगणकावर ती इंग्रजी आकडे करत असे. का?

कारण पॅकेजेसच्या खाली असलेला नोड स्वतःच बदलला होता. जुन्या संगणकावर नोडची १२ वी मालिका होती, नव्यावर सहकाऱ्याने त्या दिवशी उपलब्ध असलेली नवी मालिका बसवली. ऑक्टोबर २०१९ मध्ये आलेल्या १३ व्या मालिकेपासून नोडसोबत जगातील सगळ्या भाषांची आकडे आणि तारखा लिहिण्याची माहिती येऊ लागली. त्याआधीच्या नेहमीच्या नोडमध्ये ती फक्त इंग्रजीची असे. आमच्या कोडने पहिल्या दिवसापासून "हा आकडा मराठी पद्धतीने लिही" असेच सांगितले होते. जुन्या नोडला मराठी येत नव्हते आणि त्याने तसे न सांगता गुपचूप अमेरिकी पद्धत वापरली. नव्याला मराठी येत होते, त्याने सांगितलेले ऐकले. चूक आमची होती आणि ती दोन वर्षे जुनी होती. मुनिमांनी तिची खूणही आम्हाला आधी दिली होती: दिवसाच्या एकूण बेरजेत, लाखाच्या वरच्या रकमेत, स्वल्पविराम चुकीच्या जागी पडतो, अशी त्यांची बारीकशी तक्रार होती. अमेरिकी पद्धतीत तीन-तीन अंकांनी स्वल्पविराम पडतो, आणि लाखाच्या आतल्या पट्टीत हा फरक दिसतच नाही. आम्ही ती तक्रार सवडीने पाहू म्हणून बाजूला ठेवली होती.

पावतीवर धान्य होते, गिरणी नव्हती. डिपेंडन्सी म्हणजे फक्त यादीतील पॅकेजेस अशी समजूत करून घेतल्याने हे झाले. प्रत्यक्षात भाषा चालवणारा नोड किंवा पायथन, त्याखालची ऑपरेटिंग सिस्टीम, प्रिंटरचा ड्रायव्हर, हे सगळे आपल्या कोडचे आधार असतात. नोडच्या प्रकल्पात यादीतच कोणती मालिका चालेल हे लिहिण्याची जागा असते, आणि जुळले नाही तर अडून बसण्याचा आदेशही देता येतो. डॉकरसारखे साधन वापरले तर गिरणीसकट सगळेच एका पेटीत बंद करून नेता येते. मोंढ्यातील चार जीबी मेमरीच्या संगणकाला डॉकर झेपत नाही, हेही तितकेच खरे आहे, त्यामुळे आम्ही तेथे नोडचा क्रमांक लिहून ठेवण्यावरच भागवतो.

पायथन वापरणाऱ्यांची अडचण थोडी वेगळी आहे. नोडमध्ये प्रत्येक प्रकल्पाचा माल त्याच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये उतरतो, पण पायथनमध्ये काळजी न घेतल्यास तो संपूर्ण संगणकासाठी एकाच ठिकाणी उतरतो, आणि दोन प्रकल्पांना एकाच पॅकेजच्या वेगळ्या आवृत्त्या हव्या असतील तर दुसरा बसवताना पहिला मोडतो. यावर उपाय म्हणजे प्रत्येक प्रकल्पासाठी वेगळे आभासी वातावरण, म्हणजे त्या प्रकल्पापुरती पॅकेजेसची वेगळी जागा, तयार करणे. ही सोय २०१२ पासून पायथनमध्येच आहे. आता तर डेबियन या लिनक्स प्रणालीच्या १२ व्या आवृत्तीपासून सामाईक पायथनमध्ये थेट पॅकेज टाकू पाहिले तर प्रणाली स्पष्ट नकार देते. विद्यार्थी त्या नकाराला त्रासदायक समजून तो टाळण्याची युक्ती शोधतात. मला तो नकार फार आवडतो.

एकाच प्रकल्पाच्या आतही अशी कोंडी होते. आपण पीडीएफचे पॅकेज घेतो आणि एक्सेलचे घेतो. दोघांनाही फाइल दाबून लहान करणारे तिसरे पॅकेज लागते, पण एकाला त्याची पहिली मालिका हवी आणि दुसऱ्याला दुसरी. एनपीएम अशा वेळी दोन्ही आवृत्त्या वेगवेगळ्या कोपऱ्यांत ठेवतो आणि जागा खर्चून भांडण मिटवतो. पायथनमध्ये एका वातावरणात एकच आवृत्ती राहू शकते, म्हणून सर्वांना मान्य होईल असा मेळ शोधावा लागतो. दोघांचे जमवणे सोपे, पण शेकडो पॅकेजेसच्या परस्परविरोधी अटी सांभाळून एक जुळणी काढणे हे संगणकशास्त्रात अतिशय अवघड मानल्या गेलेल्या प्रश्नांच्या वर्गात मोडते, ज्यांचे नेहमीच झटपट उत्तर देणारी रीत आजवर कोणाला सापडलेली नाही. पायथनची पॅकेजेस उतरवणाऱ्या पिप या साधनाने २०२० च्या अखेरीस जुळणी काढण्याची आपली पद्धत मुळापासून बदलली. त्यापूर्वी ते भांडण न सोडवता एक आवृत्ती टाकून पुढे निघून जात असे. आता ते जुळत नाही असे सांगून थांबते, आणि कधीकधी जुळणी शोधत बराच वेळ घुटमळते. ते घुटमळू लागले की आपल्या अटी गरजेपेक्षा ताठर आहेत का, हे आधी तपासावे.

येथवरचा माल चांगल्या मनाने लिहिलेला होता. तसा नसलेला मालही कोठारात असतो. २०१८ मध्ये एनपीएमवरील इव्हेंट-स्ट्रीम या लोकप्रिय पॅकेजच्या थकलेल्या लेखकाने मदतीला आलेल्या एका अनोळखी माणसाच्या हाती ते सोपवले, आणि त्या माणसाने त्यात बिटकॉइनच्या एका वॉलेटवर डल्ला मारणारा कोड एका नव्या डिपेंडन्सीमधून घुसवला. सप्टेंबर २०२५ मध्ये चॉक आणि डीबग यांसारख्या, आठवड्याला अब्जावधी वेळा उतरवल्या जाणाऱ्या पॅकेजेसच्या लेखकाला एनपीएमच्या नावाने खोटा ईमेल आला, त्याचा पासवर्ड गेला, आणि काही तास विषारी आवृत्त्या कोठारात राहिल्या. त्या काही तासांत ज्यांनी पावतीप्रमाणे जुना माल उतरवला ते वाचले. ज्यांनी यादीच्या भरवशावर ताजा माल मागवला त्यांच्या घरात तो आला.

सर्वांत अंगावर काटा आणणारी गोष्ट लिनक्सवरील एक्सझेड या फाइल दाबणाऱ्या साधनाची आहे. जिया टॅन असे नाव सांगणाऱ्या कोणीतरी दोन वर्षांहून अधिक काळ त्या प्रकल्पात इमानेइतबारे काम करून विश्वास कमावला आणि २०२४ च्या फेब्रुवारी व मार्चमध्ये निघालेल्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत सर्व्हरमध्ये चोरवाट उघडणारा कोड दडवला. मायक्रोसॉफ्टमधील अभियंता आंद्रेस फ्रॉइंड यांना दूरच्या संगणकात प्रवेश करताना सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो आहे असे जाणवले, ते त्या अर्ध्या सेकंदाच्या मागे लागले, आणि जगातील असंख्य सर्व्हरवर पोहोचण्याआधी हा प्रकार २९ मार्च २०२४ रोजी उघड झाला.

अशा हल्ल्यांपुढे लहान कार्यालयाने काय करावे? आम्ही जे करतो ते सांगतो. पॅकेजचे नाव आम्ही अक्षर अन् अक्षर तपासून लिहितो, कारण एक अक्षर इकडचे तिकडे करून खोटी पॅकेजेस मांडून ठेवणे हा जुना धंदा आहे. अलीकडे एआयला विचारून कोड लिहिणाऱ्यांना तो अस्तित्वातच नसलेल्या पॅकेजचे नाव ठामपणे सुचवतो, आणि भामटे तशी नावे आधीच नोंदवून ठेवतात. नवी आवृत्ती आली की आम्ही ती लगेच घेत नाही, आठवडाभर मुरू देतो, कारण बहुतेक विषारी आवृत्त्या काही तासांत किंवा दिवसांत पकडल्या जातात. पीएनपीएम या साधनात आता इतके दिवस थांब असे सांगून ठेवण्याची सोयच आहे. पॅकेज उतरताना ते आपल्या संगणकावर स्वतःहून काही आज्ञा चालवू शकते, हे पुष्कळांना माहीत नसते. ती परवानगी आम्ही बंद ठेवली आहे आणि खरोखर गरज असलेल्या एकदोन पॅकेजेसनाच दिली आहे. मात्र सुरक्षेतील भगदाड बुजवणारी दुरुस्ती असेल तर हा आठवड्याचा नियम मोडावा लागतो, आणि नेमका कधी मोडायचा हे कोणतेही साधन सांगत नाही.

डिसेंबर २०२१ मध्ये जावाच्या जगात याची कसोटी लागली. कार्यक्रमातील घडामोडींची नोंद ठेवणाऱ्या लॉगफोरजे या पॅकेजमध्ये असे भगदाड सापडले की केवळ एक विशिष्ट मजकूर नोंदीत उतरवून दूरच्या माणसाला सर्व्हर ताब्यात घेता येत असे. गांभीर्याच्या मोजपट्टीवर त्याला १० पैकी १० गुण मिळाले. दुरुस्त आवृत्ती लवकर आली, पण मोठमोठ्या कंपन्यांना आठवडे लागले ते आपल्याकडे हे पॅकेज नेमके कोठेकोठे आहे हे शोधण्यातच. वाळूज औद्योगिक वसाहतीतील कोणत्याही सुट्या भागांच्या कारखान्यात हा प्रश्न विचारला तर तेथील सुपरवायझर आधी बीओएम काढेल, म्हणजे एका तयार वस्तूत कोणकोणते भाग, किती आणि कोणाकडून आलेले आहेत याचा तक्ता, आणि एखाद्या बोल्टचा लॉट खराब निघाला तर तो कोणत्या गाड्यांत गेला ते त्यावरून सांगेल. सॉफ्टवेअरसाठी असाच तक्ता असावा हा आग्रह आता सरकारांनीही धरला आहे. अमेरिकेत मे २०२१ च्या अध्यक्षीय आदेशात तो आला, आणि आपल्याकडे सायबर सुरक्षा पाहणाऱ्या सर्ट-इन या केंद्र सरकारच्या संस्थेने ऑक्टोबर २०२४ मध्ये त्यासाठी तांत्रिक मार्गदर्शक सूचना काढल्या. त्या तक्त्याचे नाव एसबीओएम, म्हणजे सॉफ्टवेअरचा बीओएम. लॉक फाइल नीट ठेवलेली असेल तर तो तक्ता एका आज्ञेने निघतो, आणि ठेवलेली नसेल तर निघालेल्या तक्त्यावर कोणी विश्वास ठेवू नये.

परवान्यांचा विषय मोठा आहे, येथे एवढेच सांगतो की फुकट मिळणारे प्रत्येक पॅकेज सारख्या अटींवर मिळत नाही. एमआयटी परवाना नाव राखण्यापलीकडे फारसे काही मागत नाही, तर जीपीएल परवान्याचा कोड आपल्या प्रणालीत मिसळून ती ग्राहकाला दिली तर आपला कोडही त्याच अटींवर खुला करण्याची जबाबदारी येऊ शकते. पॅकेज यादीत घालण्याआधी परवान्याची ओळ वाचायला एक मिनिट लागते.

लातूरची दुरुस्ती त्याच संध्याकाळी झाली. मराठीऐवजी भारतीय इंग्रजी पद्धतीने आकडा लिही, एवढी एक ओळ बदलली. आकडे प्रिंटरला झेपणारे झाले आणि लाखाच्या बेरजेतील स्वल्पविरामही जागेवर बसला. दुसऱ्या दिवशी मुनिमांनी फोन करून तेवढेच कळवले की आता बेरीज बरोबर दिसायली. त्यानंतर आम्ही मोंढ्यात जाऊन इंटरनेटवरून काही उतरवणे पूर्ण थांबवले. ऐन हंगामात वीज जाते, नेट अडखळते आणि काट्यासमोर ट्रॅक्टर उभे असतात. म्हणून नोडसकट सगळा माल कार्यालयात बांधून, तपासून, एकाच दाबलेल्या फाइलमध्ये पेनड्राइव्हवर नेतो. हजारो सुट्या फायली नेण्याची ती हिरवी पट्टी आमच्या नशिबी येत नाही.

दर तीन महिन्यांनी यादी घेऊन बसतो आणि वापरात नसलेले काढून टाकतो. एक नाव मात्र दर वेळी तसेच राहते. पट्टीवरच्या तारखा आम्ही मोमेंट या पॅकेजने लिहितो, आणि त्याच्या लेखकांनीच सप्टेंबर २०२० मध्ये जाहीर केले आहे की आता यात नवे काही येणार नाही, नव्या कामासाठी दुसरे काही निवडा. ते काढायचे तर सदतीस ठिकाणी हात घालावा लागेल आणि प्रत्येक ठिकाणची पट्टी छापून पाहावी लागेल. यंदाही आम्ही तो विषय सोयाबीनचा हंगाम उरकल्यावर घ्यायचा असे ठरवले आहे.